आठ नायिकांचा हिवाळा

१७ नोव्हेंबर

अभिसारिकेच्या नाकावर पाणी होतं. सकाळचे साडेसात. पाऊस नाही, जवळपास नळ नाही. दंव! पळसदरीच्या धरणावरून गारठा उतरतो आणि बाईसाहेब उघड्यावर उभ्या. खिशातल्या रुमालाने मी त्यांचं नाक पुसलं. वय वर्षे पंचावन्न, परक्याच्या फार्महाऊसमध्ये शिरून पुतळ्याचं नाक पुसणारा इसम! अशी बातमी कुणी पाठवली असती तर मीच ती दोन ओळींत कापली असती.

रखवालदार जैतू झाडू टेकवून बघत होता. वरच्या ठाकरवाडीतला. चेहरा गंभीर.

"सर्दी झालीय काय तिला, भाऊ?"

बाकीच्या सातही ओल्या होत्या. मग काय, सगळ्यांची नाकं पुसली. रुमाल एकच.

काल दशरथला शब्द दिला, म्हणून ही रोजची वारी. शिळफाट्याचा गणपतीवाला दशरथ. शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्या संस्कृतच्या वहीत उंदीर काढायचा. फार्महाऊसच्या मालकिणीला, रियाला, बागेत "काहीतरी क्लासिकल" हवं होतं. मी अष्टनायिका सुचवल्या. एम.ए.ची पदवी तीस वर्षांनी प्रथमच कुणाच्या उपयोगी पडली. मी एकेकीची लक्षणं वाचून दाखवायची, दशरथने डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायचं, "म्हंजे नवऱ्याची वाट बगून कटाळलेली. असं मराठीत सांग ना!" दसऱ्याला आठही उभ्या राहिल्या. दिवाळीच्या आठ दिवस आधी त्याची उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धी जीभ.

चाळीस वर्षं या माणसाने जे जे घडवलं ते दीड दिवसात, फार तर अनंतचतुर्दशीला, पाण्यात गेलं. काल म्हणाला, "पंडित, या आठ तरी राहूं देत रं." बाकी सगळं बोबडं बोलतो. हे वाक्य अख्खं आलं.

संक्रांतीला रिया पाहुणे बोलावून बाग दाखवणार आहे. तोवर लक्ष ठेवायचं.

२० नोव्हेंबर

आठही ओल्या. मथळा सुचला: "आठ महिला दवात." उपसंपादक विचारेल, जखमी किती?

२३ नोव्हेंबर

जखमी एक.

खंडितेच्या मनगटाला केसाएवढी भेग. खंडिता म्हणजे नवरा रात्र दुसरीकडे घालवून सकाळी घरी आलाय, म्हणून धुसफुसणारी. जैतू तिला "रुसलेली" म्हणतो. त्याचं भाषांतर माझ्यापेक्षा बरं आहे. वाटलं, दशरथला हसवावं. दुपारी मोटरसायकल काढून शिळफाट्याला गेलो नि म्हटलं, "तुझी खंडिता नावाला जागली!"

तो हसला नाही. चंद्राबाई चहा ठेवायला आत गेल्या, तशी डाव्या हाताने त्याने माझी बाही धरली.

"तोंडं शाडूची हायत रं, पंडित."

"काय?"

"तोंडं नि हात. धड सिमेटचं. सिमेटात डोळा उघडंना. लय केलं. मेलेली दिसायची."

मग तुटक तुटक सगळं सांगितलं. चेहरे आणि हात नेहमीच्या हाताने, नेहमीच्या मातीचे केले. कच्चे, भट्टी नाही. गणपतीला कोण भट्टी दाखवतो? वरून पांढऱ्या सिमेंटचा पातळ हात आणि बाहेरच्या भिंतींचा रंग. दिवाळी झाली की साचे काढून सिमेंटची तोंडं ओतायची आणि गुपचूप बदलायची. महिन्याचं काम. तेवढ्यात हात गेला.

"आता पानी आत शिरनार. फुगनार."

एवढं म्हणून त्याने बाही सोडली. चहा आला. चंद्राबाईंना काही माहीत नसावं. डॉक्टरांचा दम आहे, मनाला धक्का नको. माझ्या मनाचं त्या डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नाही.

चाळीस वर्षं पाण्यात विरघळणारं घडवलेला माणूस. एकदाच टिकाऊ करायला गेला आणि बोटांनी ऐकलं नाही.

२४ नोव्हेंबर

कर्जतहून जाड प्लास्टिक आणलं. सुतळीने एकेकीला डोक्यापासून कमरेपर्यंत बांधली. घामाघूम झालो.

जैतू म्हणाला, "मुडदं बांदल्यावानी दिसतात."

"तुला विचारलं का?"

"नाय. मी आपलं सांगितलं."

२७ नोव्हेंबर

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

सकाळी प्लास्टिक सोडलं तर आत पाण्याच्या धारा. जमिनीची ओल वर चढून आत कोंडली. वर दुपारचं ऊन. तीन दिवस मी त्यांना वाफारा देत होतो. वासकसज्जेचा कान, झुमक्यासकट, माझ्या हातात आला. ही नटूनथटून दारात दिवा घेऊन उभी असते. आता एका कानाने उभी आहे. कान हातावर घेतला तर वरचं साल टणक, आत लोणी.

जैतूने कान उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "इरलं घाला ना, भाऊ. आत वारा खेळतो." बरोबर! लावणीला पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. पाणी वरून घरंगळतं, आत कोरडं. एवढं शहाणपण आठ पायऱ्या खाली झाडू मारत उभं होतं आणि मी कर्जतला प्लास्टिक आणायला गेलो.

२८ नोव्हेंबर

अख्ख्या वाडीत मिळून पाच इरली निघाली. आता सगळे लावणीला प्लास्टिकच पांघरतात. म्हणजे मूर्ख मी एकटा नाही. उरलेल्या तिघींना गोणपाट. जैतूची बायको गोदा इरलं घेऊन स्वतः आली, अभिसारिकेच्या डोक्यावर घातलं, लांब जाऊन बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "लावनीला चालली जनू!"

अभिसारिका, म्हणजे प्रियकराकडे स्वतःहून निघालेली. चिखलातून, काळोखातून, कुणाची पर्वा न करता. लावणीला निघाली म्हणायलाही हरकत नाही.

२ डिसेंबर

चार दिवस नवी भेग नाही. त्यामुळे डोकं चालायला लागलं. नेहमीचीच चूक.

विचार असा: दशरथ साचे काढणार होता. दशरथला जमणार नाही. पण प्रवीण आहे की! त्याच्याच हाताखाली शिकला. आता पेणकडे प्लास्टरच्या गणपतींचे रबरी साचे करतो. त्याने चेहऱ्यांचे साचे काढून ठेवले तर माती पडली तरी चेहरा वाचेल. फोन केला. परवा येतो म्हणाला.

दशरथला विचारलं नाही. झालं की सांगू. केवढा आनंद होईल!

४ डिसेंबर

नाही लिहवत. पण लिहितो.

प्रवीण म्हणाला, "काका, ओल हाय आत. रबर धरंल, पन सोडताना काय व्हईल सांगता येत नाय." मी म्हटलं, एकीवर करून बघ. एकीवर! जणू मला आठ-आठ बायका उधार दिल्या होत्या. मीच निवडली. विप्रलब्धा. संकेत देऊन तो आलाच नाही, अशी फसलेली. मागच्या कोपऱ्यात उभी असते, कुणाला दिसत नाही. म्हणून ती.

दुपारी साचा ओढला. आवाज आला नाही. चेहरा साच्याबरोबर आला. साच्यात आतल्या बाजूने तिचा चेहरा उलटा दिसत होता. मग तोही फुटून चार तुकडे झाला. मानेच्या वर कोंबडीची जाळी आणि काथ्या.

प्रवीण रडायला लागला. चाळीशीतला बाप्या. "उस्तादांचा डोळा व्हता त्यो." मी त्याची पाठ थोपटली आणि चहा पाजला. माझी पाठ थोपटायला कुणी नव्हतं. जैतूने तुकडे गोणीत भरले. "द्या, मी बगतो त्याचं."

५ डिसेंबर

शिळफाट्याला गेलो. सांगायचं ठरवून गेलो.

"कशा हायत?"

"ठणठणीत. आठही."

इतक्या सहज आलं! तीस वर्षं बातमीदारी केली, कधी आकडा चुकवला नाही.

८ डिसेंबर

जैतू नाही. टेंपोवर काम मिळालंय म्हणे, गोदा सांगत होती. माझी तब्येत बरी नव्हती, मीही संध्याकाळी उशिरा गेलो. सगळ्यांची इरली, गोणपाटं काढलेली आणि कुंपणावर ओळीने वाळत घातल्यासारखी टांगलेली. परत घातली.

१० डिसेंबर

परत कुंपणावर. नीट. घडी करून.

"वानरं असतील, भाऊ."

"वानरं घडी घालतात?"

"आमच्याकडली घालतात."

१३ डिसेंबर

रोज संध्याकाळी मी घालतो, सकाळी ती कुंपणावर. जैतूवर ओरडलो. तो ऐकून घेतो आणि झाडत राहतो. काय राग आहे याच्या मनात? की मला वेड लावायचं आहे? गारठा वाढलाय. पहाटे गवतावर चाललं की चपला ओल्या होतात. दंव पडत नाही, ते मुरतं.

१४ डिसेंबर

प्रोषितभर्तृकेची करंगळी गेली. नवरा परदेशी गेलाय, ही बोटांवर दिवस मोजतेय. एक बोट कमी म्हणजे तिचा हिशेब चुकणार.

असले विनोद मी का करतो? कुणी हसत नाही. वहीसुद्धा नाही.

१६ डिसेंबर

दशरथकडे. आज विचारलं काय? तर थेट, "वाट बगनारी हाय ना, तिची करंगळी कशी हाय?"

आठ बायका, ऐंशी बोटं, आणि नेमकी तीच!

"करंगळी? झकास."

"बरं हाय," म्हणाला आणि डोळे मिटले. बारीक झालाय. डाव्या हाताच्या नखांत काहीतरी करडं अडकलेलं. चंद्राबाईंच्या हातालाही कोपरापर्यंत माती. चूल सारवली असेल. घरात गॅस आहे. पण दोन माणसांच्या घरात तिसऱ्याने किती बघायचं?

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "येत जा हो, भावजी. तुमी आलात की बोलतात."

म्हणजे थांबायची सोय नाही.

२२ डिसेंबर

चार चेहरे गेले. अशी पद्धत आहे: आधी गालावर रंग फुगतो, पापडासारखा. दोन दिवस तसाच राहतो. मग एका सकाळी अर्धा गाल पायाशी, आणि उरलेल्या अर्ध्यात डोळा उघडा. डोळ्यांची आखणी करताना दशरथ श्वास रोखायचा, मी पाहिलंय. एक डोळा एका श्वासात. मग बाहेर येऊन अंगणात खोकायचा.

त्या डोळ्यांना माहीत नाही की गाल गेलाय.

मला कोणी विचारलं की तुम्हाला काय येतं, तर सांगेन: लक्षणं सांगता येतात. दुःखाचे आठ प्रकार तोंडपाठ आहेत. एकाही प्रकारावर इलाज माहीत नाही.

२३ डिसेंबर

पायाशी पडलेली माती दिसत नाही. कालचा अर्धा गाल होता, आज जागा साफ. जैतू झाडूनपुसून लख्ख ठेवतो. बाई मेली आणि घर सारवलं, तसं.

२९ डिसेंबर

पाच. इरली घालणं सोडलं. जैतू जिंकला.

३ जानेवारी

दुपारी आभाळ आलं. जानेवारीत! आंब्याला मोहोर आलेला, आणि पाऊस. मी छत्री घेऊन धावलो. तीन चेहरे उरले होते. दोन माझ्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत उतरले, साखर उतरावी तसे. मग मी अभिसारिकेवर छत्री धरून उभा राहिलो. वारा असा की छत्री माझ्यावरही नाही आणि तिच्यावरही नाही.

तेवढ्यात जैतू आला आणि तिच्या हनुवटीखाली घमेलं धरून उकिडवा बसला.

"हे काय?"

"माती हाय, भाऊ. चांगली माती."

"अरे, चेहरा चाललाय तिचा! आणि तू माती धरतोस?"

"मंग काय धरू?"

दीड तास आम्ही दोघं तसेच. मी वर छत्री, तो खाली घमेलं. शास्त्रातली अभिसारिका पावसाला भीत नाही, पावसातच निघते. तिला छत्री धरणारा मी कोण? आधी नाक गेलं. जे मी पहिल्या दिवशी पुसलं ते. मग ओठ. डोळे शेवटपर्यंत होते. मग डोळ्यांचा रंग ओघळून जैतूच्या मनगटावर आला. त्याने पुसला नाही.

४ जानेवारी

आठ धडं.

९ जानेवारी

रिया आली. गाडीतून उतरली ती उभीच राहिली.

"काका, फेसेस कुठे गेले?"

हवेवर ढकललं. हिवाळा, दंव, अवकाळी. शाडूचं नाव काढलं नाही. ती वाईट मुलगी नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग फोन काढून फायबरच्या मूर्तींचे फोटो दाखवले. गुळगुळीत बायका. ऊन, पाऊस, काही होत नाही. धुवायलाही सोप्या. संक्रांतीचं रद्द, सव्वीस जानेवारीला नव्या बसतील.

"दशरथकाकांना मी सांगू का?"

"नको. मी सांगतो."

सांगतो म्हणालो. किती वेळा म्हणालो?

१३ जानेवारी

धडं उचलली. मागच्या कुंपणाच्या पायात भराव म्हणून घालणार. मजुरांनी अभिसारिकेला आडवं केलं तेव्हा तिचं पाऊल तसंच पुढे टाकलेलं होतं. सिमेंटचं, पक्कं. चालण्याचं तेवढं टिकलं.

जैतू दिवसभर दिसला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोलायचा दिवस. मी दोन महिने दुसरं काय करतोय?

दशरथने आज उशीला टेकून बसून विचारलं, "आली का लोकं बगायला?"

आता सांग. आता.

"आली की! पन्नासेक."

"काय म्हनली?"

आणि मी सुरू झालो! एक म्हातारी खंडितेपुढे थांबून म्हणाली, ही माझी थोरली सून. एक गृहस्थ वासकसज्जेच्या दिव्याला हात लावून बघत होते, चटका बसतो का. एक लहान मुलगी अभिसारिकेचा हात धरून चालायला लागली. दशरथ ऐकत होता. अर्धं तोंड हसत होतं, दुसऱ्या अर्ध्याला ते जमत नाही. डोळ्यांतून पाणी.

"अजून सांग."

अजून सांगितलं. चंद्राबाई मध्येच उठून आत गेल्या.

घरी येऊन तिळगूळ खाल्ला नाही.

१५ जानेवारी

एक गोष्ट लिहून ठेवतो. त्याच्या चेहऱ्यांना पाण्याने मारलं. सातांना तरी. आठवी मी मारली. आणि जिवंत असलेल्या दशरथला मी रोज थोडं थोडं फसवतोय, आणि तो विश्वास ठेवतोय, आणि हे सगळं तो मरेपर्यंत चालणार. नव्या मूर्ती बसल्या की कुणीतरी त्याला फोटो दाखवीलच.

त्याच्या हातात आता जोर येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. साफ म्हणाले. या आठजणींनंतर नववी नाही.

परवा जाऊन सांगायचं. मग त्याने दार बंद केलं तर केलं.

१७ जानेवारी

सांगितलं. दंव, साचा, विप्रलब्धा, पाऊस, पन्नास पाहुणे, सगळं एका दमात. दशरथने डाव्या हाताने मागच्या दाराकडे बोट केलं. मग चंद्राबाईंना म्हणाला, "दाव त्याला."

त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं. "प्रवीननं दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं, भावजी. आठ तारखेला जैतूनं यांना टेंपोतून नेलं, पाठीवर घेऊन सगळ्या दावल्या. हे म्हनाले, झाकू नको रं, हायत तवर दिसूं देत. पडंल ती माती घेऊन ये. आनि पंडितला बोलू नको, त्याला वाईट वाटंल." मग हळूच म्हणाल्या, "तुमी सांगायचात ते आयकायला लय आवडायचं त्यांना."

पाटावर वीतभर उंचीचा माणूस. डाव्या हाताने केलेला, पहिलीतल्या पोराने करावा तसा. पाठीत वाकलेला, पोट सुटलेलं, दोन्ही हातांत छत्री. ओळखायला मला वेळ लागला. आठ बायकांच्या तोंडांची माती आणि त्यातून निघालो मी!

नाक चुकलंय. बाकी हुबेहूब.

घरी आणून माझ्या अंगणात तुळशीशेजारी उघड्यावर मांडलाय. झाकायचा नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.